मीटरवर न दिसणारा लाख

“फक्त एकेचाळीस हजार चाललीय, साहेब. सिंगल हँड. डॉक्टरांची गाडी.”

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाक्य कानावर पडले आणि मी व आमचे मिस्त्री एकमेकांकडे पाहून हसलो. जुनी गाडी बघायला जो कधी गेला आहे, त्याला हे डॉक्टर भेटलेलेच असतात. आपल्याकडे जितक्या गाड्या डॉक्टरांच्या म्हणून विकल्या जातात तितके डॉक्टर खरोखर असते, तर खेड्यातले एकही प्राथमिक आरोग्य केंद्र रिकामे राहिले नसते.

गाडी घ्यायची होती माझ्या भाचीला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बदली झालेली शाळा घरापासून चाळीस किलोमीटरवर. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. संध्याकाळची चुकली की मुक्काम. आदल्या पावसाळ्यात स्कूटर घसरून तिचे मनगट मोडले होते. घराच्या कर्जाचा हप्ता चालू असल्यामुळे नव्या गाडीचा विचार शक्य नव्हता. साठवलेले तीन लाख रुपये तेवढे हाताशी होते. रोजचे ऐंशी किलोमीटर, म्हणजे सुट्ट्या वगळून वर्षाला अठरा-वीस हजार. गाडी वाटेत बंद पडली तर वर्ग रिकामा राहणार, आणि तीन लाख बुडाले तर ते पुन्हा साठवायला पाच वर्षे लागणार. ही खरेदी हौसेची नव्हती.

“मामा, एकेचाळीस हजार म्हणजे नवीनच की!” ती म्हणाली. पांढरी गाडी उन्हात चमकत होती. २०१६ चे मॉडेल, किंमत तीन लाख चाळीस हजार. ओढाताण करून जमण्यासारखी. मीटरवरचा तो आकडा मीही वाकून पाहिला, आणि मला दुसऱ्याच एका मीटरची आठवण झाली.

१९९३ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. एका तरुणाला पर्यटकांना महाबळेश्वर-प्रतापगड दाखवण्यासाठी टॅक्सी घ्यायची होती. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून त्याने जुनी डिझेल ॲम्बेसेडर पसंत केली होती. कर्ज मागितले साठ हजार. जामीन राहायला मामा तयार, आई सहकर्जदार. वाहनाची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी गेलो, बॉनेट उघडायला लावले, चॅसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि छाप घेतला. बँकेच्या छापील फॉर्मात एक रकाना होता : मीटरवरील किलोमीटर. मी आत डोकावलो आणि लिहिले, ४६,०००. त्याखाली : वाहनाची स्थिती चांगली. त्याखाली माझी सही.

चार महिन्यांत गाडी पसरणीच्या घाटात बसली. इंजिन उघडल्यावर गॅरेजवाल्याने सांगितले, की हे इंजिन दीड लाखाच्या घरात गेलेले आहे. विकणाऱ्याने मीटर फिरवला, असा माझा पहिला समज झाला. तसे काही नव्हते. त्या मीटरला आकडेच पाच होते. ९९,९९९ झाले की पुढच्या किलोमीटरला सगळी शून्ये, आणि पुन्हा एकपासून सुरुवात. गाडी एक लाख शेहेचाळीस हजार चालली होती आणि मीटर त्याला दाखवता येत होते तेवढेच दाखवत होता. तो लाख दाखवायला त्याच्याकडे जागा नव्हती. पण सीटची बसलेली गादी, झिजून गुळगुळीत झालेले ब्रेकचे पेडल, दार उघडताना खाली येणारे बिजागर यांनी तो लाख मला सांगितला असता. मी त्यांना विचारलेच नाही.

इंजिनाच्या खर्चात त्या तरुणाची उमेद गेली. गाडी दारात उभी राहिली, तो मुंबईला कोणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून गेला. मग दर महिन्याला त्याची आई शाखेत यायची. कधी दोनशे, कधी तीनशे. पैसे भरून झाले की पावती पदराच्या गाठीत बांधायची आणि मला नमस्कार करून जायची. तो नमस्कार मला नकोसा व्हायचा. माझी बदली झाली तरी खाते चालूच होते. पुढे २००० साली त्या शाखेतल्या सहकाऱ्याला सहज विचारले, तेव्हा ते पूर्ण फिटल्याचे कळले. चालत नसलेल्या गाडीचे कर्ज त्या बाईंनी फेडले होते. कायद्याने माझा दोष काहीच नव्हता. फॉर्ममधला एकही रकाना मी रिकामा सोडला नव्हता.

बँकेत खातेदार पारखताना आम्ही एका दिवसाच्या शिलकेवर कधी भिस्त ठेवत नसू. ३१ मार्चला खात्यात रक्कम दाखवणे अवघड नसते. आठ दिवसांसाठी मेव्हण्याकडून आणता येते. आम्ही वर्षभराच्या नोंदी बघायचो. पैसे कधी आले, कसे गेले, चेक परत गेले का. पासबुक वाचणारा मी, गाडीच्या बाबतीत मात्र शिल्लक पाहून सही करून मोकळा झालो होतो.

म्हणूनच त्या रविवारी मिस्त्रींना बरोबर नेले होते. त्यांनी मीटरकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होते. “आपण यायच्या आधी चालू करून ठेवलीय,” ते हळूच म्हणाले. थंड इंजिन पहिल्या सुरुवातीला जे बोलते ते गरम झाल्यावर बोलत नाही. जुनी गाडी बघायला भल्या सकाळी, न सांगता जावे, ते यासाठी. मग त्यांनी पेडलांकडे बोट दाखवले. तिन्ही पेडलांचे रबर कोरे करकरीत. “एकेचाळीस हजारांत रबर बदलावं लागत नाही, बाई. आणि बदललं असेल तर का?” सीटला नवे कव्हर होते, ते एका कोपऱ्यात उचलल्यावर खालचे कापड ड्रायव्हरच्या बाजूने विरलेले दिसले. स्टीअरिंगची घडी दहा ते दोनच्या जागी तुळतुळीत झालेली. दाराच्या आतल्या कडेला, जिथे गॅरेजवाले ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर लावतात, तिथे खरवडलेला डिंक.

मग टायर. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांवर २२१९ असा आकडा होता, म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. छोट्या गाडीचे टायर साधारण चाळीस-पन्नास हजार जातात. २०१६ ची गाडी जर आजवर एकेचाळीसच हजार चालली असेल, तर चारही टायर २०१९ मध्येच बदलायची पाळी का आली? डिकीतली स्टेपनी २०१६ ची आणि जवळजवळ न वापरलेली होती. मूळ टायर कधीच झिजून गेले होते.

तरीही हा सगळा तर्क. पुरावा मिळाला फोनवर. भाचीच्या ओळखीतले एक गृहस्थ कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये आहेत. तिथे गाडी प्रत्येक वेळी आत येताना किलोमीटर लिहून घेतात. गाडीच्या नंबरावरून त्यांनी शेवटची नोंद सांगितली : ऑगस्ट २०१९, ७८,३१० किलोमीटर. त्यानंतर गाडी त्या वर्कशॉपला गेलीच नव्हती.

पूर्वी मीटर मागे न्यायला गिअरबॉक्सकडून येणारी केबल सोडून ड्रिलने उलटी फिरवावी लागे. त्यात आकडे तिरके बसत आणि पारख्या नजरेला ते कळत. आता मीटर डिजिटल झाले. लॅपटॉप जोडला की काही मिनिटांत हवा तो आकडा, आणि ओळीत सरळ. पुष्कळ गाड्यांत हा हिशेब मीटरशिवाय इतर कंट्रोल युनिटमध्येही राहतो आणि चांगला तंत्रज्ञ तो वाचू शकतो. पण आपल्या आरसीवर मालकाचे नाव, चॅसिस, इंजिन, इंधन, रंग सगळे असते, किलोमीटरचा रकाना नसतो. अमेरिकेत १९७२ पासून गाडी विकताना मीटरवरचा आकडा लिहून द्यावा लागतो आणि मीटर मागे फिरवणे हा गुन्हा आहे. तिथेही फसवणूक होते, पण निदान लिहिलेले काहीतरी हाती राहते.

मी विक्रेत्याला ७८,३१० चा आकडा सांगितला. तो रागावला नाही, लाजलाही नाही. म्हणाला, “साहेब, खरं सांगू? लाखाच्या वर आकडा दिसला की गिऱ्हाईक दार उघडून आत बसतसुद्धा नाही. गाडी चांगली असली तरी. मग आम्ही काय करायचं?”

त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. ती उघड फसवणूक होती. पण गेली दोन वर्षे ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. लहान आकडा हवा हा आग्रह आपला. तो पुरवायला बाजार बसलेलाच आहे. गंमत अशी, की ‘मायलेज’ हा शब्दही आपण एका लिटरला किती जाते एवढ्याच अर्थाने वापरतो. गाडी आजवर किती आणि कशी जगली यासाठी आपल्याकडे धड शब्द नाही. ‘रनिंग किती?’ एवढा एकच प्रश्न, आणि त्याचे एकाच आकड्यातले उत्तर.

शेतकरी या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. जुना ट्रॅक्टर घेताना तो किलोमीटर विचारत नाही, तास विचारतो. ट्रॅक्टरचा मीटरच इंजिन किती तास चालले ते दाखवतो. हाच हिशेब मोटारीला लावून बघा. महामार्गावर सरासरी साठच्या वेगाने एक लाख वीस हजार किलोमीटर गेलेल्या गाडीचे इंजिन दोन हजार तास चालले. शहराच्या गर्दीत सरासरी पंधराच्या वेगाने चाळीस हजार गेलेल्या गाडीचे साडेसव्वीसशे तासांहून अधिक. त्यात सिग्नलला क्लच, गतिरोधकाला ब्रेक, आणि रोज दोन किलोमीटरवर जाऊन थंड इंजिन बंद. झीज सर्वांत जास्त होते ती इंजिन थंड असताना, तेल सगळीकडे पोचायच्या आत. बीएस-६ ची डिझेल गाडी तर अशा लहान फेऱ्यांत आणखी कुरकुरते. धुरातली काजळी धरणारी तिची जाळी नीट तापली नाही तर तुंबते.

आणि अजिबात न चाललेली गाडी? दारात उभी असलेली गाडी झिजत नाही हा समज खोटा आहे. बॅटरी उतरते, टायरला चिरा पडतात, रबरी सील आटतात, ब्रेकच्या डिस्कला गंज चढतो. उंदीर वायरिंग कुरतडतात. दहा वर्षांत पंधरा हजार चाललेली गाडी स्वस्तात मिळाली म्हणून आनंदाने आणणाऱ्या माझ्या एका मित्राने पहिल्या सहा महिन्यांत जेवढे बिल भरले, तेवढ्यात त्याला दुचाकी आली असती.

उलट, नीट सांभाळलेली गाडी कुठवर जाऊ शकते याचे टोकाचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या लाँग आयलंडचे विज्ञानशिक्षक आयर्व गॉर्डन. त्यांनी १९६६ मध्ये व्होल्वोची पी-१८०० ही गाडी नवी घेतली. शाळेला जाऊन-येऊन त्यांचा रोजचा प्रवास सुमारे दोनशे किलोमीटरचा. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात त्याच गाडीने तीस लाख मैल, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर पूर्ण केले. २०१८ मध्ये ते वारले तोवर गाडी त्यांच्याकडेच होती. त्यात जादू नव्हती. ऑइल आणि सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, मोठा भाग मोकळ्या रस्त्यावरचा आणि चालवणारा हात एकच. आपल्याकडे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी पाहा. त्यांतली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. मीटरवरच्या आकड्याने तिला निवृत्त केले नाही, वयाच्या नियमाने केले.

याचा अर्थ जास्त चाललेली गाडी डोळे मिटून घ्यावी असा मुळीच नाही. किलोमीटर वाढतात तसे शॉकअप, सस्पेन्शनची बुशिंग, क्लच हे भाग संपतात. ज्या इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट असतो त्यात तो वेळेवर बदलला नसेल तर एके दिवशी तुटून अख्खे इंजिन घेऊन जातो. कागद नसलेली दीड लाखाची गाडी म्हणजे जुगारच. प्रश्न आकड्याचा नसून त्या आकड्यामागच्या नोंदींचा आहे.

अशा नोंदी असलेली गाडी आम्हाला पुढच्या महिन्यात मिळाली. मालक औषध कंपनीचे प्रतिनिधी, सातारा ते कोल्हापूर महामार्गावर सतत फिरणारे. २०१७ चे मॉडेल, पेट्रोल, आणि मीटरवर एक लाख अडतीस हजार. भाचीचा चेहरा उतरला. पण त्या गृहस्थांनी प्लॅस्टिकची एक फाईल पुढे ठेवली. दर दहा हजारांचे बिल, तारखेसह, ओळीने. ९६,००० ला क्लच बदललेला, त्याचे बिल. दोनदा टायर, त्यांची बिले. एकदा मागून रिक्षा घासली, त्याचा विम्याचा दावा. पासबुक वाचावे तशी मी ती फाईल वाचली.

मिस्त्रींनी मग आपली पद्धत चालवली. इंजिन थंड असताना चालू केले, धूर नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, सतत येणारा पांढरा म्हणजे इंजिनात पाणी शिरते, काळा म्हणजे पेट्रोल पुरते जळत नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढले. आतून भपके येत नव्हते, म्हणजे रिंगा शाबूत. झाकणाच्या आत पांढरट साय नाही. मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली. पुढच्या एक्सलचा कट-कट आवाज नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, गालिचा उचलला, स्टेपनीची खाच चाचपली. हे पुराच्या पाण्यासाठी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होते. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ, सीटखालच्या लोखंडाला गंज आणि कुबट वास एवढ्यावरून त्या ओळखाव्या लागतात.

दोन लाख सत्तर हजारांना सौदा ठरला. हातातल्या तीन लाखांतले तीस हजार मागे ठेवायचे ही माझी अट. जुन्या गाडीची किंमत म्हणजे किमतीचा पहिला हप्ता. पहिल्या दुरुस्तीसाठी किमतीच्या दहा टक्के बाजूला नसतील तर ती गाडी आपल्याला परवडत नाही असे समजावे. पुढचे सस्पेन्शन, ब्रेकचे पॅड, बॅटरी आणि सगळी ऑइले मिळून सत्तावीस हजार गेले.

कागदांच्या बाबतीत मी माझा बँकेतला हेका सोडला नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आरसीवर पूर्वीच्या कर्जाचा बोजा होता तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला. कर्ज फिटले एवढ्याने बोजा उतरला असे मानू नये. आरसीवर पाहून खात्री करावी. गाडी परराज्यातली असती तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला म्हणजे फॉर्म २८, आणि इथला कर वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. “करू सावकाश” म्हणणाऱ्या विक्रेत्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल लक्षात ठेवावा : गाडी हातोहात कितीही जणांना विकलेली असो, अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी आरसीवर ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो. विम्याचेही तसेच. तिऱ्हाइताचा विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपल्या नावावर करून घ्यायला चौदा दिवसांत अर्ज द्यावा लागतो. नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो जुन्या मालकाकडेच राहतो.

गाडी घरी आली त्या दिवशी मी भाचीला एक दोनशे पानी वही दिली. पेट्रोल, हवा, ऑइल, दुरुस्ती. तारीख आणि किलोमीटर घालून लिहायचे. “मामा, तुमची बँक काही सुटत नाही,” म्हणून ती हसली, पण लिहू लागली. मधल्या काळात एकदा रेडिएटरचा पाइप फुटला, एकदा सेल्फ दुरुस्त करावा लागला. शाळा बुडाली एक दिवस.

परवा ती आली तेव्हा मी सवयीने काचेतून आत डोकावलो. मीटरवर १,७६,४०२. सहाही आकडे दिसत होते. वही पुढच्या सीटवर पडली होती आणि तिच्यात कालचीच तारीख होती.